पांढऱ्या रेघेवरची गाडी

जुने दोस्त भेटले की कॉलेजातल्या रोबोटचा विषय निघतोच. एकानं एक आठवण काढली की दुसरा म्हणतो, "ते काहीच नाय, पुढचं ऐक!" तेव्हा काय चाललंय हे आम्हाला कळत नव्हतं. खरं सांगायचं तर आजही सगळं कळलेलं नाही.

विद्यापीठाच्या नामांतराचे दिवस होते. वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत रोज नवी शेड उभी राहत होती. आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजात दसऱ्याच्या सुमाराला यंत्रांच्या स्पर्धांचा हंगाम सुरू व्हायचा. पांढऱ्या रेघेवर आपोआप चालणारी गाडी बनवायची होती. प्राचार्यांनी आधीच दम भरला होता, "उद्घाटनाला गाडी चालली नाही, तर तुमच्या रोबोटच्या खोलीत टेबल टेनिस येईल!" त्या खोलीवर आमचा फार जीव होता.

*

आम्ही तिघं. मी, वायरिंगवाला सिद्धार्थ आणि पाचोडचा गणेश. गणेशच्या घरी मेंढरं. पहिल्या चाचणीला तो काठी घेऊन गाडीच्या मागं उभा राहिला.

"अरे, ती आपोआप चालणार आहे!"

"मागं माणूस नसल्यावर कोण चालतंय व्हय?" गणेश म्हणाला.

गाडी खरंच हलली नाही.

*

मोटर बसली, तर गाडी उलटी चालायला लागली. वायरी बदलल्या, तर जागच्या जागी गरगर फिरायला लागली. आमचे सर गाडीभोवती एक फेरी मारून म्हणाले, "गाडी बरोबर आहे. आपणच चुकीच्या बाजूला उभे आहोत."

आम्ही सगळे निमूटपणे पलीकडच्या बाजूला जाऊन उभे राहिलो!

*

बॅनर रंगवायला दिला. पेंटरनं विचारलं, "विद्यापीठाचं नाव जुनं टाकू का नवं?"

मी गणेशकडं पाहिलं, गणेशनं माझ्याकडं. शहरात बंद, मोर्चे, रोज काही ना काही. सिद्धार्थचे वडील नामांतराच्या बाजूच्या मोर्च्यांत असायचे.

सिद्धार्थ शांतपणे म्हणाला, "जागा मोकळी सोडा. नाव येतंय."

मला त्याचा फार अभिमान वाटला, आणि आपण गप्प बसलो याची लाजही. बॅनर तसाच लागला. येणारा-जाणारा विचारायचा, "इथं जाहिरात कुणाची?"

*

खंडेनवमीला खोलीतल्या सगळ्या हत्यारांची पूजा झाली. दुसऱ्या दिवशी गाडी ठार बंद. आम्ही सगळं सर्किट उचकटलं. सर म्हणाले बॅटरी, सिद्धार्थ म्हणाला सोल्डर, गणेश म्हणाला, "दृष्ट लागली."

शेवटी सिद्धार्थनं गाडी उलटी केली. खालच्या दोन्ही सेन्सरवर हळदीकुंकवाचा जाड थर! पूजा आमचे शिपाई रामरावमामा यांनी केली होती.

"मामा, हे तिचे डोळे आहेत!"

"मग डोळे सोडून पूजा कशी करायची?" मामाच उलट चिडले.

*

उद्घाटनाला पाहुणे आले. वाळूजचे कारखानदार, पांढरी सफारी, पांढरे बूट. हॉलच्या काळ्या फरशीवर आम्ही पांढरी पट्टी चिकटवली होती. पट्टीशेजारी मुलींनी कमळाची भली मोठी पांढरी रांगोळी काढली होती.

प्राचार्य आमच्याकडं न बघता म्हणाले, "करा सुरू."

गाडी चार हात सरळ गेली आणि पट्टी सोडून रांगोळीत शिरली. कमळाची एकेक पाकळी फिरायला लागली. गेली खोली!

हॉलमध्ये टाळ्या सुरू झाल्या. पाकळ्या संपल्या, तशी गाडी थेट पाहुण्यांच्या बुटांशी जाऊन थांबली.

"वा! नमस्कारसुद्धा!" पाहुणे खूश झाले. "हे डोकं कुणाचं?"

मी सिद्धार्थकडं बोट दाखवलं, त्यानं गणेशकडं, गणेशनं माझ्याकडं.

"काय नम्र पोरं आहेत!" असं म्हणून पाहुणे भाषणासाठी माईककडं निघाले. गाडीही निघाली. ते डावीकडं वळले, गाडी डावीकडं. ते थांबले, गाडी थांबली. त्यांनी पावलं उचलली, तशी तीही पळाली. पाहुणे आता खुर्च्यांमधून वाट काढत होते.

प्राचार्य आमच्या कानाशी आले. "खोली तुमचीच रे बाबांनो! पण आधी तिला परत बोलवा!"