साडेसहाचं रेकॉर्डिंग

“चला, पुन्हा फुटलं!” असं म्हणून काका पेपरची घडी घालायचे आणि एका बातमीवर बोटाने टकटक करायचे. नव्या माणसाला वाटावं, धरणच फुटलं. पण कुठल्या तरी कंपनीच्या कॉम्प्युटरमधून लाखो लोकांची माहिती चोरीला गेलेली असायची, आणि काकांना त्याचा कोण आनंद व्हायचा. बातमी मोठ्याने वाचून दाखवल्याशिवाय ते समोरच्याला उठू द्यायचे नाहीत.

असा माणूस तुमच्याही सोसायटीत असेल. आमचा बेलवलीला होता. आमचा म्हणतो खरा, पण मी काही तिथे राहत नाही. माझं उल्हासनगरात दुकान आहे, कॅमेरे बसवायचं आणि कॉम्प्युटर दुरुस्तीचं. बदलापुरातल्या त्या सोसायटीचे कॅमेरे मीच बसवलेले. दर तीन महिन्यांनी जायचं, काचा पुसायच्या, वायरी हलवून बघायच्या आणि रजिस्टरवर सही करायची. तिथे ज्या वस्तूला बटण आहे ती काकांच्या ताब्यात, असा रिवाज पडून गेला होता. अंबरनाथच्या एका केमिकल कंपनीत त्यांनी जन्म काढला होता. पाण्याच्या मोटारीपासून कॅमेऱ्याच्या मशिनपर्यंत सगळ्याची चावी आणि पासवर्ड त्यांच्याकडे असायचा.

मला पाहिलं की, “या उल्हासनगर!” मी बॅगेतून नवी वायर काढली की ती हातात घेऊन उलटीपालटी करायचे. “ओरिजिनल आहे, की तुमच्या गावची डुप्लिकेट?” पहिलं वर्षभर मला राग यायचा. मग मी एकदा म्हणालो, “दोन्ही आणल्यात काका, कोणती लावू?” तेव्हापासून चहा सुरू झाला.

चहा काकू आणायच्या. त्यांचं घर तळमजल्यावरच, गेटला लागून. काकू बोलायच्या कमी. काकांच्या विनोदाला हसलेल्या मी त्यांना कधी पाहिलं नाही. कप उचलताना नुसतं “पुरे” म्हणायच्या, की काका दुसऱ्या बातमीकडे वळायचे.

लोकांच्या बोटांचे ठसे चोरीला गेल्याची बातमी आली, त्या दिवशी काकांनी दोन्ही पंजे माझ्यासमोर धरले. प्लँटवर इतकी वर्षं केमिकलमध्ये हात घालून बोटांची टोकं गुळगुळीत झाली होती. अंगठा लावायचं कुठलंही मशिन त्यांना ओळखायचं नाही. “माझे ठसे कंपनीने कधीच नेले,” ते म्हणाले. “हॅकरला जरा उशीर झाला.”

एकदा तर त्यांनाच फोन आला. व्हिडिओवर खाकी गणवेशातला माणूस, मागे झेंडा. म्हणाला, तुम्हाला घरातच अटक झाली आहे, फोनसमोरून हलायचं नाही. काका म्हणाले, “करा की अटक साहेब. पण आज आमचा पाण्याचा दिवस आहे. तेवढं भरून घेतो.” मग फोन मोरीच्या कठड्यावर उभा करून त्यांनी पाणी भरायला घेतलं. अधूनमधून “आहात ना साहेब?” अशी चौकशी. दुसरं पिंप अर्धं झालं तेव्हा साहेबांनीच फोन ठेवला. पुढे ही गोष्ट ते इतक्यांदा सांगायचे की पिंपांची संख्या चारवर गेली.

पण सगळेच विनोद काही तसे नसायचे. आता म्हणे एआय कुणाचाही हुबेहूब आवाज काढतो, ही बातमी वाचून ते म्हणाले, “माझ्या आवाजात आमच्या मुलीला फोन करतील? करू देत. ती माझाच उचलत नाही, त्यांचा काय उचलणार?” मुलगी लांब असते, परदेशात. काकू त्या दिवशी “पुरे” म्हणाल्या नाहीत. कप तसेच ठेवून आत निघून गेल्या.

त्या काकू दिवाळीच्या तोंडावर गेल्या. दोन दिवस दवाखाना, आणि खेळ आटोपला. मी सर्व्हिसला गेलो तेव्हा महिना होऊन गेला होता. काकांनी स्वतः चहा केला, “पुन्हा फुटलं” म्हणाले, बातमीवर टकटकही केली. पण वाचून दाखवली नाही. मी जिन्याखालच्या ऑफिसात जाऊन मशिनचा पडदा बघितला. चारही चौकोनांत चित्रं दिसत होती, कोपऱ्यात घड्याळ पळत होतं. मी सही करून निघालो.

इथे मी चुकलो, ते आधी कबूल करतो. पडद्यावर दिसतं ते आत्ताचं. मागचं साठतं ते आतल्या हार्डडिस्कवर. ती साधारण वीस दिवसांत भरते, आणि मग सगळ्यात जुना दिवस पुसून त्याच्यावर आजचा दिवस चढतो. रेकॉर्डिंग बंद केलं तरी पडद्यावर चित्रं दिसतच राहतात. मी मेनू उघडून बघायला हवा होता. त्या वेळीही बघितला नाही, आणि पुढच्या दोन खेपांनाही नाही.

मग एका रात्रीत सोसायटीच्या पाण्याच्या मोटारीची केबल चोरीला गेली. तांब्याची चांगली जाड केबल होती. दोन दिवस पाणी वर चढलं नाही आणि लोक खवळले. सेक्रेटरींनी मला फोन करून बोलावलं. रविवारी सकाळी त्या जिन्याखालच्या खोलीत आम्ही चौघे होतो. सेक्रेटरी, काका, मी आणि दाराशी रात्रपाळीचा वॉचमन. हा वॉचमन बारवी धरणाकडच्या एका पाड्यावरचा, पन्नाशीचा माणूस. त्याच्या पाळीत चोरी झाली म्हणजे तोच चोरांना मिळालेला असणार, असं सगळ्यांनी ठरवूनच टाकलं होतं. सेक्रेटरी त्याच्या देखत म्हणाले, “फुटेज बघू, आणि आजच याला घरी पाठवू.”

काकांनी पासवर्ड घातला आणि बाजूला झाले. मी मेनू उघडला. गेल्या वर्षीच्या ऑक्टोबरनंतर एक मिनिटही रेकॉर्ड झालेलं नव्हतं. डिस्क गेली म्हणावं, तर डिस्क ठणठणीत होती. कुणीतरी हाताने बंद केलं होतं.

“ह्यानंच केलं असणार!” सेक्रेटरी वॉचमनकडे बघत म्हणाले.

वॉचमन घाबरला. “मला त्यातलं काय कलतं, साहेब? मी त्या मशिनीला हात पन लावला नाय.”

“मी बंद केलं,” काका म्हणाले.

काका हसायचा प्रयत्न करत म्हणाले, “म्हटलं, रेकॉर्डिंगच ठेवलं नाही तर हॅकर नेणार काय?” कुणीच हसलं नाही. मग ते खुर्चीवर बसले आणि जमिनीकडे बघत म्हणाले, “आमची ही आहे त्याच्यात. शेवटचे सतरा-अठरा दिवस. चालू ठेवलं असतं तर एकेक करून गेली असती.”

सेक्रेटरी चांगले माणूस आहेत. ते पाठमोरे उभे राहिले. काकांनी माऊस हातात घेतला आणि सकाळी साडेसहाचं गेटवरचं चित्र लावलं. काकू बाहेर येतात. हातात फुलांची परडी. गेटपाशी थांबतात, मान वर करून थेट कॅमेऱ्यात बघतात, काहीतरी बोलतात आणि निघून जातात. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. त्या वर बघत तेव्हा खोलीतल्या आम्हा प्रत्येकाकडे बघतायत असं वाटे.

“कॅमेरे बसवले तेव्हा मी तिला सांगितलं होतं, मी घरबसल्या फोनवर सगळं बघतो म्हणून,” काका म्हणाले. “फुशारकी, दुसरं काय! तिला ते खरं वाटलं. मी त्या वेळेला पेपर वाचत असायचो. जगात कोण कोणावर पाळत ठेवतंय, ते.”

मग माझ्याकडे वळले. “उल्हासनगर, ओठांवरून शब्द ओळखणारं काहीतरी निघालंय म्हणे. पेपरात होतं. तुमच्याकडे आहे का हो? नऊ महिने बघतोय मी. कळत नाही ती काय म्हणते.”

मी नाही म्हणालो. कॅमेरा माझ्याच दुकानातला, साधा, आवाज न घेणारा. उंचावरून घेतलेलं धूसर चित्र, त्यात ओठ कुठले दिसायला? तरी खोटं का होईना, बघतो म्हणायला हवं होतं, असं मला आजही वाटतं.

“बाय काय सांगायची ते मला ठावं हाय ना,” वॉचमन दारातून म्हणाला.

काकांनी मान वर केली.

“मी गेटवरच खुर्चीवर असायचा. बाय रोज त्याच्याकडं बगून सांगायची, ‘दार नुसतं ओढलंय, आतून कडी लावून घ्या. सातला मी आले की काढा.’ मला वाटं, तुमाला घरात आयकू जातंय.”

काकांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते पुसायचंही त्यांच्या लक्षात नव्हतं. “मी कधीच लावली नाही कडी,” ते म्हणाले. “ती सातला यायची तेव्हा दार उघडंच असायचं. तिला वाटत असणार, मी आठवणीने काढून ठेवलीय.”

वॉचमनला काढायचा विषय तिथेच संपला. मी काकूंची त्या दिवसांची सगळी चित्रं पेन ड्राइव्हवर घालून काकांना दिली. मग रेकॉर्डिंग चालू करायची वेळ आली. मशिनने नेहमीप्रमाणे विचारलं, जुनं पुसलं जाईल, चालेल का? मी मागे सरकलो. काकांनी स्वतःच ‘हो’ दाबलं.

पुढच्या खेपेला मी विचारलं, “बघता का हो काका, पेन ड्राइव्ह?” म्हणाले, “आता लागत नाही.” का, ते त्यांनी सांगितलं नाही. वॉचमनने सांगितलं. काका रोज साडेसहाला आतून कडी लावत, आणि सातला काढत. गेटवर आवाज स्पष्ट येई, दोन्ही वेळचा.

होळीच्या सुमाराला एका सकाळी वॉचमनचाच मला फोन आला. काका खुर्चीत बसल्या बसल्या गेले होते. दूध टाकणाऱ्याने हाक मारली, उत्तर आलं नाही, म्हणून लोक आत गेले. “दार फोडायला लागलं नाय, साहेब,” वॉचमन म्हणाला. “सातची कडी काडली व्हती त्यांनी.”

मुलगी आली, पंधरा दिवस राहिली आणि घराला कुलूप लावून गेली. परवा मी सर्व्हिसला गेलो, तर वॉचमन मला बाजूला घेऊन म्हणाला, “साहेब, कडी वाजते अजून. तुमच्या मशिनीत काय दिसतं का बगा.” मी त्याला भास म्हणून हसण्यावारी नेलं. पण त्या दिवशी मेनू उघडला आणि वीसही दिवस नीट बघितले. काकांच्या दाराला कुलूप आहे, तिकडे कुणी येत नाही, जात नाही. गेटजवळ खुर्चीत वॉचमन डुलक्या घेत असतो. साडेसहा वाजले की तो दचकून त्या दाराकडे मान वळवतो. सातला पुन्हा वळवतो. एकही दिवस चुकलेला नाही. कॅमेऱ्याला आवाज नाही, त्यामुळे त्याला काय ऐकू येतं ते मला सांगता येणार नाही.