संचालकबाईंची सुनावणी आणि मंगळवारचा भोंगा

मार्चमधला बुधवार, सकाळी दहा. हजर: राज्याच्या सिनेटची समिती, समोरच्या टेबलाशी आमच्या आपत्ती व्यवस्थापन खात्याच्या प्रभारी संचालक, त्यांच्या मागे मी, मांडीवर रंगीत खुणा लावलेली फाइल, आणि माझ्या शेजारी सासूबाई. त्या पुण्याहून आमच्याकडे अमेरिकेत आल्या होत्या आणि माझं काम बघायचा त्यांनी हट्टच धरला होता.

संचालकबाईंची नेमणूक कायम करायची की नाही, यावर ही सुनावणी होती. समितीने नकार दिला असता, तर संचालकबाईंना त्याच आठवड्यात खुर्ची सोडावी लागली असती. त्यांच्याइतकी नीट काम करणारी बाई मी आमच्या खात्यात पाहिलेली नाही.

शिक्षण, अनुभव, गुंतवणुकी, सगळं खोदून विचारलं गेलं. सासूबाई माझ्या कानाशी म्हणाल्या, "अगं, एवढी चौकशी तर आम्ही भाडेकरू ठेवतानाही करत नाही."

"आई, हळू."

मग एका सिनेटरने तो प्रश्न काढला. गेल्या मे महिन्यात टोर्नेडोच्या, म्हणजे चक्रीवादळाच्या इशाऱ्याचा भोंगा वाजला, तेव्हा एका वस्तीतले लोक आत जायचं सोडून बाहेर उभे होते. बिघाड नेमका कुठे होता?

ती वस्ती आमचीच. तपासणीसाठी भोंगा दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी वाजतो. भारतातून आलेल्या आईवडिलांना मुलं पहिल्याच आठवड्यात बजावतात, "भोंगा वाजला तर घाबरू नका, टेस्ट असते." त्यामुळे खरा भोंगा वाजला तेव्हा मुलं ऑफिसात होती आणि चार-पाच आजी-आजोबा घरामागच्या लाकडी डेकवर उभे राहून आभाळ बघत होते. त्यांत गेल्या खेपेला आलेल्या सासूबाईही होत्या. वादळ मक्याच्या शेतांकडे वळलं म्हणून निभावलं.

उत्तर मी तयार ठेवलं होतं: हिरवी खूण, सगळे भोंगे तपासलेले, सगळे चालू. संचालकबाईंना मी ही हकिकत पूर्वीच सांगितली होती, पण सुनावणीत तिचा उल्लेख नको, असंही सुचवलं होतं. मी फाइल पुढे सरकवली. त्यांनी ती उघडली नाही.

"भोंगे ठीक होते आणि लोकही शहाणे होते," त्या म्हणाल्या. "टेस्ट कधी असते ते आम्ही सांगितलं. खरा वाजला तर काय करायचं, ते त्यांना कळेल अशा भाषेत सांगितलं नाही. चूक आमची."

सासूबाईंनी माझा हात दाबला. "खरं बोलली बिचारी. आता कसली घेतायत हिला!"

सिनेटरने चष्मा काढला. "मग सांगणार केव्हा?"

"वादळांचा हंगाम सुरू व्हायच्या आत. फोनवर, घरात बोलतात त्या भाषेत."

समितीने एकमताने शिफारस केली, आणि पुढच्या आठवड्यात सिनेटने नेमणूक कायम केली. "घेतलं की गं!" सासूबाई म्हणाल्या, जणू मीच पैज हरले होते.

दिलेला शब्द पाळायचं काम माझ्याकडे आलं. गुजराती, तेलुगू आणि पोलिश संदेश तयार झाले. मराठी मजकूर मी स्वतः लिहिला आणि घरी सासूबाईंना वाचून दाखवला: "कृपया सर्वांनी तळघरात जावे."

"कृपया कशाला? लग्नाचं आमंत्रण आहे का? अशाने मी तरी सोफ्यावरून उठायची नाही. ओरडून सांग."

त्यांचं बरोबर होतं. कृपया काढलं, वाक्यं तोडली. "खाली जा. आत्ता. चपला शोधू नका." फोनवरच्या रेकॉर्डिंगमध्ये हे सासूबाईंनीच म्हणायचं असं ठरलं, कारण त्यांच्या आवाजाने आमचं अख्खं घर उठतं. संचालकबाईंनी मंजुरी दिली, स्टुडिओ सांगून ठेवला, आणि सासूबाईंचा घसा बसला. एप्रिल उजाडला आहे, वादळांचा हंगाम तोंडावर आला आहे. मराठीचं रेकॉर्डिंग अजून व्हायचं आहे.