परसातल्या ओव्यासारखं

बाबांचा खोकला हटत नव्हता, म्हणून मी ओरेगॅनोच्या तेलाची बाटली आणली. बाटली एवढीशी, पण तेल जहाल. एखादाच थेंब दुसऱ्या तेलात मिसळून घ्यावा आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारावं, असं तिच्यावर बारीक अक्षरांत छापलं होतं. बाबांना हृदयासाठी नेमक्या त्याच गोळ्या चालू होत्या. मी ते वाचलं, आणि तरी म्हणाले, "घ्या बाबा, आपल्या परसातल्या ओव्यासारखंच आहे."

आमच्या सर्वण गावात ओव्याची पानं कोण मोजून खातो? बाबा ते तेल पावावर ओतून चहाबरोबर खाऊ लागले.

थोड्याच दिवसांत दात घासताना हिरड्यांतून रक्त येऊ लागलं, दंडावर काळेनिळे डाग उठले. डिचोलीच्या डॉक्टरांनी विचारलं, "घरचं काही औषध घेता?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "नाही हो. वखद तुम्ही देता तेवढंच."

शाळेत विज्ञान शिकवते मी, आणि तोंड उघडायची लाज वाटली! डॉक्टर गोळ्या बदलून लिहू लागले, तेव्हा कुठे मी पर्समधली बाटली काढून त्यांच्यापुढे ठेवली. तेल त्याच क्षणी बंद झालं.

बाहेर येताच बाबा उखडले. "तुला कोणी बोल लावू नये म्हणून मी खोटं बोललो गो! गप्प राहायला तुला काय झालं होतं?"

मी जवळजवळ गप्प राहिलेच होते, हे त्यांना कोणत्या तोंडानं सांगू?