यंदाच्या यादीतलं पहिलं गाणं

माझ्या बायकोला सिनेमात गायला बोलावणारा फोन आला होता, आणि तिचा आवाज गेलाय असं सांगून मी तो परस्पर मिटवला. हे आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. तिलाही नाही.

आवाज कुठंही गेलेला नव्हता. मोबाईल चार्जिंगला लावून ती गिरणीवर दळण आणायला गेली होती, एवढंच.

मंचरला माझं पाण्याच्या जळालेल्या मोटारींचं वायंडिंग भरून द्यायचं दुकान आहे. सिनेमाचं वेड शाळेपासूनचं. पाहिलेला प्रत्येक सिनेमा मी वहीत लिहितो, आणि डिसेंबरच्या शेवटच्या रविवारी आम्ही पाच मित्र स्टँडजवळच्या हॉटेलात चहावर बसून आपापली यादी वाचतो. वर्षातले आवडते पाच सिनेमे, पाच गाणी. वीसेक वर्षं हे चाललंय. माझी यादी शेवटी ठेवतात, कारण तिच्यातले शेरे सगळ्यांना ऐकायचे असतात.

बायको विहारात गाते. जयंतीला, बुद्धपौर्णिमेला, कुणाच्या बारशाला. तिच्या आईकडून आलेले पाळणे तिला पाठ आहेत. गेल्या वर्षी उन्हाळ्यात अवसरीच्या एका बारशात कुणीतरी तिचा पाळणा मोबाईलवर रेकॉर्ड केला, आणि तो फिरत फिरत सिनेमावाल्यांपर्यंत गेला. फोनवर बाई होत्या. फार अदबीनं बोलल्या. "ताईंचा पाळणा ऐकला. एसटीतल्या कंडक्टर बाईवर सिनेमा करतोय, त्यात असाच आवाज हवाय. दोन दिवस पुण्याला यावं लागेल, न्यायला गाडी पाठवू."

मी म्हणालो, "तिच्या घशाचं ऑपरेशन झालंय. डॉक्टरांनी गायला मनाई केलीय."

बाई म्हणाल्या, "अरेरे. बऱ्या झाल्या की नक्की कळवा. हाच माझा नंबर."

तो नंबर मी सिनेमाच्या वहीत लिहून घेतला आणि मोबाईलवरून पुसून टाकला. लिहून का घेतला, ते मला आजही नीट सांगता येत नाही. तेवढ्यात ती दळणाचा डबा घेऊन आली.

"कोणाचा फोन व्हता का?"

"सिमकार्डाच्या कंपनीचा," मी म्हणालो.

तेव्हा स्वतःची समजूत घातली की दोन दिवस घर कोण बघणार, आणि ही माणसं तरी कसली असतील. ते खरं नव्हतं. आमच्या घरात सिनेमाचा माणूस मी होतो. मी जन्मभर पडद्याकडं तोंड करून बसलो, आणि पडद्यानं बोलावलं ते तिला. ते मला सोसलं नाही.

तो सिनेमा यंदा दिवाळीनंतर नारायणगावच्या थेटरात लागला. एसटीत कंडक्टर असलेल्या एका बाईची गोष्ट. गाडी परगावी मुक्कामाला असली की ती लेकराला फोनवरून पाळणा म्हणते. आम्ही दोघं मोटरसायकलवर गेलो. न जाण्याचं कारण तिला काय सांगणार? ती दर सिनेमाला येते.

पाळणा सुरू झाला तशी तिचा शेंगदाण्याच्या पुडीतला हात थांबला. दुसऱ्या ओळीला ती हळूच गुणगुणू लागली. पुढच्या खुर्चीवरचा गडी मागं वळला. "ओ मावशी, आमी तिकीट त्यांच्या गाण्याचं काढलंय!" तिनं तोंडाला पदर लावला आणि खुदूखुदू हसली.

मध्यंतरात मला म्हणाली, "गळा गोड हाये बाईचा. पण पाळण्यात शेवटचा शब्द वर न्यायचा नसतो, खाली ठिवायचा. आई काय लेकराला उठवायला गाती का?" मग शेंगदाण्याची पुडी दुमडत, "मी गायले असते ना, तर... जाऊ द्या. आपल्याला कोण बोलवतंय!"

मी वडापाव आणायला उठलो. भूक दोघांनाही नव्हती.

यंदाची माझी यादी अशी झाली. पाचव्या नंबरला एक मारामारीचा हिंदी सिनेमा. त्याची गोष्ट आठवत नाही, पण त्यातला ढोल अजून छातीत वाजतो. शेरा : एवढे गुंड लोळवले तरी हिरोच्या शर्टाची इस्त्री मोडत नाही. तिसऱ्याला एक शांत सिनेमा, ज्यात म्हातारा-म्हातारी फक्त घर रंगवतात. गाण्यांत पहिला नंबर त्या पाळण्याला दिला आणि खाली लिहिलं, फक्त शेवटचा शब्द खाली ठेवायला हवा होता.

हॉटेलात ते वाचलं, आणि कांद्याची वखार असलेल्या मित्रानं मांडीवर थाप मारली. "वा राव! काय कान हाये तुझा! मुंबईला जायला पायजे व्हतास, मोटारी कसल्या भरत बसलाय."

एसटीतून रिटायर झालेला मित्र म्हणाला, "हा गेला असता तर वहिनीनं काय करायचं?"

"काय करायचं? दोन भाकरी कमी थापायच्या!"

सगळे हसले. दर वर्षी असल्या कौतुकावर मीही हसतो. यंदा हसू आलं नाही.

"ते माझं न्हाई," मी म्हणालो. "तिचं हाये."

"कोणतं?"

"शेवटच्या शब्दाचं. आन् इस्त्रीचं पण. आजपर्यंत जे जे शेरे वाचले, ते समदे तिचे."

एसटीवाल्यानं माझ्यासाठी आणखी एक चहा सांगितला. मग वखारवाला म्हणाला, "मंग भाऊ, पुढच्या साली वहिनीलाच पाठव. तू थांब घरी."

घरी येताना हलकं वाटत होतं. हायवे ओलांडायला थांबलो, कांद्याचे ट्रक संपेचनात, आणि तिथंच लक्षात आलं की मी त्यातल्या त्यात सोपं तेवढंच कबूल केलंय. शेरे चोरले ते मित्रांपुढं सांगून झालं. फोन चोरला, ते जिला सांगायचं तिला सांगितलेलंच नाही.

हे सगळं लिहिलेला हा कागदच तिच्या हातात द्यावा, असं आधी मनात होतं. पण लिहून देणं ही पुन्हा पळवाटच. उद्या दुकान बंद ठेवणार आहे. सकाळचा चहा झाला की वही काढून तो नंबर तिच्यापुढं ठेवीन. कुणाचा फोन होता, बाई काय म्हणाल्या, मी काय उत्तर दिलं आणि का दिलं, याच क्रमानं सांगेन. माफी आधी मागणार नाही. आधी मागितली तर ती "जाऊ द्या" म्हणेल, आणि मी सुटेन. ती रडली, भांडली, माहेरी बेल्ह्याला निघून गेली, तरी वाक्य अर्ध्यावर सोडायचं नाही. त्या बाईंना फोन करायचा की नाही, ते तिचं ती ठरवेल. तिनं करा म्हटलं, तर घशाचं ऑपरेशन कधी झालंच नव्हतं, हे मीच त्यांना सांगेन.

सिनेमा तर होऊन गेला. ते गाणं आता तिला मिळणार नाही, आणि त्याची भरपाई माझ्याकडं नाही. पण तिला आलेला फोन अजून माझ्याजवळच आहे. तो मी तिला देणं लागतो.