कडं दोन बोटं सैल

तिसरं मडकं फुटलं तेव्हा ठेकेदाराने मला यार्डात बोलावून घेतलं.

"मिस्त्री, सोमवारपर्यंत जमलं तं ठीक," तो म्हणाला. "नाई तं यार्डात आग बंद. मंग बाया कुडकुडत काम करोत, नाई तं घरी बसोत."

ऐंशीच्या दशकातला हिवाळा. मी पांढुर्ण्यात एका लहानशा वर्कशॉपमध्ये वेल्डर होतो. स्टेशनच्या बाजूच्या यार्डात संत्र्यांची निवड चालायची. दिवस उगवताच बाया बसायच्या. दवाने भिजलेली फळं हाताळून त्यांची बोटं बधिर व्हायची, म्हणून घरून शेगड्या आणायच्या. शेगडी म्हणजे जुनं मडकं. गळा फोडायचा, आतून शेणमातीचा थर द्यायचा, बुडाशी हवेला भोकं पाडायची आणि पऱ्हाटीचे, म्हणजे कपाशीच्या वाळल्या काड्यांचे, निखारे भरायचे. हे मडकं तीन विटांवर ठेवत. एके सकाळी एक वीट सरकली आणि निखारे पेट्यांत घालायच्या तणसावर सांडले. बादल्या ओतून आग विझवली, पण एका बाईची टाच भाजली. म्हणून ठेकेदाराने आमच्याकडे आठ स्टँड सांगितले होते.

मला ते काम फारच सोपं वाटलं होतं. माणसाची फजिती अशाच कामात होते.

पहिला स्टँड मी चार पायांचा केला. वर्कशॉपच्या सिमेंटच्या फरशीवर तो ठाम उभा राहिला. यार्डाच्या खडबडीत मातीत ठेवला तर एक पाय अधांतरी. निवड करणाऱ्या बायांत वेणू नावाची एक होती, रामाकोन्याच्या लोहाराची मुलगी. तिने बोट लावून स्टँड डुलवून दाखवला.

"मिस्त्री, हा पाळणा हाये का?"

बाया हसल्या. मीही हसलो, पण कान तापले होते.

मग तीन पाय केले. तीन पाय कुठल्याही जमिनीवर टेकतात. मात्र बाहेर फाकवावे लागतात. पायांचा घेर मडक्याच्या पोटापेक्षा मोठा हवा आणि उंची बेताची, म्हणजे धक्का लागला तरी उलटत नाही. ते जमलं. वर पट्टीचं गोल कडं केलं, मडक्याला अगदी घट्ट बसणारं. मडकं हलूच नये, हा माझा हिशेब.

दुपारी निखारे विझले, कडं निवलं आणि मडकं तडकलं. दुसऱ्या दिवशी दुसरं. मग तिसरं. मी कुंभाराला दोष देऊन मोकळा झालो.

ठेकेदार बोलून गेला, तेव्हा वेणू फुटक्या खापऱ्या गोळा करत होती.

"एक विचारू का मिस्त्री? बैलगाडीच्या चाकाले लोखंडी धाव कशी चढवतात, पायलं का तुमी?"

"पायलं. तापवून चढवतात."

"कायले तापवतात?"

"तापली की फुगते. मग थंड झाली की चाकाले आवळते."

बोलता बोलता मीच थांबलो. तिने एक खापरी माझ्या हातात ठेवली.

"माह्या बाबाची सागवानी चाकं असतात, ते सोसतात. हे मातीचं हाये. तुमी मडक्याले धाव चढवून रायले."

निखाऱ्यांनी कडं तापून फुगायचं, मडकं त्यात खाली रुतायचं. निवताना कडं त्याला आवळायचं. मी आयटीआयचं सर्टिफिकेट फ्रेम करून लावलं होतं. ते मला त्या दिवशी फार मोठं वाटलं नाही.

तिथेच ठरवलं, कडं दोन बोटं सैल ठेवायचं. आतून पट्टीचे तीन कान काढायचे, मडकं त्यांच्यावर टेकेल. दोन दिवस मी मापं घ्यायला यार्डात गेलो. खरं तर एकाच दिवसाचं काम होतं. वेणू मडक्याला सुतळी गुंडाळून घेर द्यायची, मी खडूने लिहायचो. ती बोलायची, मी ऐकायचो. आजही तो सुतळीचा वास आठवतो.

शनिवारी दुपारी आठही स्टँड टाक्यावर उभे होते. टाका म्हणजे तुकडे जागेवर धरायला दिलेला वेल्डिंगचा ठिपका. त्यावर पूर्ण वेल्ड मारायचा असतो. सात झाले. आठवा वेणूचा होता. मी रॉड हातात धरून बसलो. एक पाय टाक्यावरच सोडला तर आठ-दहा दिवसांत निखळेल आणि मला बोलावणं येईल.

वर्कशॉपचे मालक मागून म्हणाले, "काय पाहून रायला रे?"

"काई नाई भाऊ."

मला ती भाजलेली टाच आठवली. मी तिन्ही पायांना पूर्ण वेल्ड दिला, दोन्ही बाजूंनी.

सोमवारी ठेकेदाराने प्रत्येक स्टँडला लाथ मारून पाहिली. एकही उलटला नाही. दुपारी मडकी निवली, एकही तडकलं नाही. यार्डातली आग चालू राहिली.

पंधरा दिवसांनी मी उगाच यार्डात गेलो.

"काई तक्रार?" मी विचारलं.

"एकबी नाई," वेणू म्हणाली. "लय पक्कं काम करता तुमी, मिस्त्री."

ती अजून काही ऐकायला थांबली होती, असं मला आज वाटतं. तेव्हा मी मान डोलावली आणि सायकल काढली. पुढच्या हंगामात ती आली नाही. तिचं लग्न बैतुलकडे झालं, असं बायांनी सांगितलं.

त्यातला एक स्टँड स्टेशनजवळच्या चहावाल्याकडे आहे. त्यात आता पाण्याचा माठ असतो. जाता-येता मी हात लावून पाहतो. अजून हलत नाही.

नव्या वेल्डरांना मी दोन गोष्टी सांगतो. आगीजवळचं कडं सैल ठेवा. आणि पक्क्या कामाला पुन्हा बोलावणं येत नाही, तेव्हा काही बोलायचं असेल तर शेवटचा वेल्ड मारायच्या आधी बोलून घ्या. पहिली गोष्ट ते लिहून घेतात.