मामाने उडवायला लावलेलं पान

स्वतःवर लिहिलेलं पान काढून टाका, अशी मागणी माझ्या मामाने स्वतःच केली होती.

आणि ती मान्य होईपर्यंत भांडला होता.

आज त्याला जाऊन वर्ष झालं. मधल्या काळात बऱ्याच जणांनी विचारलं, "मामांचं पान परत का करत नाहीस? तुला तर येतं."

म्हणून हे लिहितेय.

मामा लातूरच्या एका दैनिकात वार्ताहर होता. रिटायर झाल्यावर, कुणालाही लिहिता येतं अशा ऑनलाइन ज्ञानकोशात त्याने मराठवाड्यावर लिहायला घेतलं. मलाही त्यानेच तिथे ओढलं.

लिहायचा कमी, काढायचा जास्त. विशेषणं तर दिसली की गेलीच.

एकदा एका क्लासचे सर पेढे घेऊन घरी आले. रिझल्टचे दिवस, चौकाचौकात टॉपर पोरांची होर्डिंग. सरांवरचं पान मामाने काढून टाकायला सुचवलं होतं.

"मामा, सगळं तुमच्याच पेपरात आलेलं हाय की! 'शिक्षणक्षेत्रातला दीपस्तंभ' म्हणून. पुरवणी घेऊन आलोय मी."

"सर, ती पुरवणी जाहिरातीची. अन् दीपस्तंभ मीच लिहिलं होतं. त्या वर्षी लातुरात दीपस्तंभ लई झाले होते. समुद्र तेवढा न्हवता."

सर हसले, पण पेढ्याचा बॉक्स पुढे सरकवायचं विसरले.

ते सर खरंच चांगलं शिकवायचे, हेही लिहायला हवं. माझी चुलतबहीण त्यांच्याकडेच शिकली. मामाचं म्हणणं एवढंच, की चांगलं शिकवणं वेगळं आणि त्याबद्दल तिसऱ्याच माणसाने पैसे न घेता लिहिलेलं असणं वेगळं.

मग मामाच्या हाताखाली तयार झालेल्या एका वार्ताहराने मामावरच पान केलं. संदर्भ सगळे मामाच्याच पेपरातले. त्याच दिवशी मामाने हरकत घेतली. मी चिडले.

"तुझ्यावर प्रेमाने केलंय रे त्याने."

"मग मला चहा पाजावा ना. क्लासवाल्या सरांना एक न्याय अन् मला दुसरा व्हय?"

पान गेलं.

पण एक पान जाताना मात्र त्याला लागलं होतं.

माझ्या आजोळचं पान.

भूकंपानंतर आमच्याकडे एकेका गावाची दोन गावं झाली. जुनं पडलं ते तिथेच राहिलं, आणि नवं सिमेंटचं लांब माळावर वसलं. मामाने जुन्या गावावर वेगळं पान लिहिलं होतं. ज्ञानकोशात लिहिणाऱ्या नांदेडच्या एका सदस्याने आक्षेप घेतला: जुनं गावठाण रिकामं आहे, नव्या गावाच्या पानात दोन ओळी पुरेत, वेगळं पान हवं असेल तर संदर्भ द्या.

मामा त्यांना 'नांदेडवाला' म्हणायचा. वर्षानुवर्षं भांडले, कधी भेटले नाहीत. "नांदेडवाल्यानं आज परत काढलं बघ माझं," हे सांगताना चेहरा कुस्ती बघून आल्यासारखा.

या वेळी मात्र तो चेहरा नव्हता.

संदर्भ होता. भूकंपाच्या सकाळी लातूरहून गावात पोचलेला वार्ताहर मामाच होता. त्याने लिहिलेल्या बातमीत गल्ल्या आहेत, विहीर आहे, देऊळ आहे. गेलेल्यांच्या नावांत माझ्या आजोबांचंही नाव आहे. इतरांच्या नावांसारखंच. 'माझे वडील' असं कुठे नाही.

"लाव ना ती बातमी," मी म्हटलं.

"लिहिणारा मी, लावणारा मी, अन् गाव बी माझंच. न्हाई गं बाई. तसं न्हाई करता येत."

पान नव्या गावात विलीन झालं. प्रत्येक पानामागे सदस्यांच्या वादासाठी एक चर्चा पान असतं, तिथे मामाने लिहिलं, 'निर्णय मान्य.' त्या संध्याकाळी तो जेवला नाही.

तो गेला तेव्हा पेपरांत मृत्युलेख आले. 'आता तर संदर्भ आहेत!' असे मेसेज आले. त्यावर मामाचं मत आधीच ठरलेलं होतं: "मेल्यावर सगळेच थोर असतात. ते धरायचं न्हाई."

मी धरलं नाही.

पण आजोळ डोक्यातून जाईना. ग्रंथालयात जाऊन जुन्या अंकांची फाइल काढली आणि चर्चा पानावर लिहिलं, 'बातमी लिहिणारे माझे मामा, गाव माझं आजोळ. म्हणून मी पानाला हात लावत नाही. तटस्थ सदस्याने मूळ अंक पाहून ठरवावं.'

लिहितानाही वाटत होतं, हे तरी तटस्थपणे करतेय का मी? की मामाला मागच्या दाराने आत आणतेय?

बरेच दिवस कुणी काही बोललं नाही.

गेल्या आठवड्यात उत्तर आलं. नांदेडवाल्यांचं. एसटीने लातूरला येऊन त्यांनी स्वतः ती फाइल पाहिली होती. दुसऱ्या एका पेपरातली बातमीही शोधली होती. 'दोन्ही संदर्भ जोडले. विलीनीकरणाची माझी सूचना मागे घेतो.'

खाली वेगळी ओळ होती: 'ही बातमी त्यांनी मला कधी दाखवली का नाही? मी भांडलो नसतो.'

मी उत्तर दिलं, 'म्हणूनच दाखवली नसेल.'

जुन्या गावाचं पान परत आलंय. खाली पहिल्या तळटिपेत बातमीचा मथळा, पेपर, तारीख. आणि वार्ताहर म्हणून मामाचं नाव, बारीक अक्षरात.

मामा, तुझं पान नाही केलं. करणारही नाही.

'भावपूर्ण' हा शब्द तू लगेच काढला असतास. पण सोशल मीडियावरची ही भिंत माझी आहे, इथे संपादक मी.

भावपूर्ण श्रद्धांजली, मामा.