सगळ्यांच्या मागून पाणी

संगमेशला मी ओळखत होतो असं म्हणताना मला संकोच वाटतो. इतकी वर्षं तो माझ्या दारात येत होता, पण चपला काढून पुढच्या खोलीपलीकडं आत आला असेल तो क्वचितच. त्याला मुलगी आहे हे मला माहीत होतं, तिचं नाव आरोही आहे हे माहीत नव्हतं. त्याचं घर मी पहिल्यांदा पाहिलं ते गेल्या वर्षीच्या मे महिन्यात, त्याच्या मातीच्या दिवशी. त्यांच्या समाजात गेलेल्या माणसाला आडवं ठेवत नाहीत, बसवतात. भिंतीला टेकवून, कपाळाला विभूती लावून त्याला बसवलं होतं आणि त्याच्या फुटबॉल संघातली पोरं समोर उन्हात उभी होती. सावलीत या, असं घरातले सांगत होते, पण कुणी हलत नव्हतं.

त्या पोरांनीच मला त्याच्याविषयी लिहायला सांगितलं. मी म्हटलं, अरे, मला काय ठाऊक त्याचं? मी एस.टी.त कारकून होतो, लिहिले ते अर्ज आणि जावक पत्रं. तर गोलकीपर अंबादास म्हणाला, "काका, आमी खेळत होतो. बघत तुमीच होता की." हे मात्र खरं आहे. माझं घर मैदानाला लागून आहे. निवृत्त झाल्यापासून संध्याकाळी मी ओट्यावर बसतो. गोलच्या जाळ्या आणि चेंडू ठेवायला संघाला जागा नव्हती, म्हणून ते सामान माझ्या पुढच्या खोलीत असायचं. न्यायला आणि ठेवायला संगमेश स्वतः यायचा. कॅप्टन असूनही हे काम त्यानं दुसऱ्यावर कधी टाकलं नाही. आमची ओळख ती एवढीच.

टॉवेलच्या एका कारखान्यात तो रंगखात्यात कामाला होता. खाली उकळत्या रंगाच्या टाक्या, वर पत्रा आणि मधे वाफ. सकाळपाळी संपली की तो घरी न जाता थेट मैदानावर यायचा. नखांच्या कडा कधी निळ्या असत, कधी लाल. बोलणं कमी. खेळाडू म्हणूनही तो फार मोठा होता असं मला वाटत नाही, अर्थात मला खेळातलं फारसं कळत नाही. बार्शीकडचा पृथ्वीराज त्यांच्यात फॉरवर्ड आहे, तो याच्यापेक्षा कितीतरी चपळ. मग कॅप्टन हाच का, असा प्रश्न मला सुरुवातीला पडायचा.

एकदा अंबादासनं अगदी सोपा चेंडू पायांमधून जाऊ दिला. एरवी संगमेश मैदानावर सगळ्यांना मराठीतच ओरडायचा, "कुठं बघलालास बे! बॉल हितं हाय, तिकडं काय तुझी वरात निघालीय का?" त्या दिवशी तो ओरडला नाही. गोलपर्यंत चालत गेला, अंबादासच्या मानेवर हात ठेवला आणि तेलुगूत म्हणाला, "पर्वालेदु रा." काही हरकत नाही रे. अंबादासच्या घरी तेलुगू बोलतात. संगमेशच्या घरी कानडी. पुढं मी लक्ष ठेवलं तेव्हा दिसलं, की शिव्या सगळ्यांना मराठीत आणि धीर ज्याच्या त्याच्या घरच्या भाषेत, अशी त्याची पद्धत होती. त्याला त्या भाषा कारखान्यात ऐकून ऐकून येत होत्या. कुणाशी काय बोलायचं यात तो चुकल्याचं मी कधी पाहिलं नव्हतं. शेवटच्या दिवशी पाहिलं.

आता पाण्याचं सांगतो. या संघात रीत होती, की कॅप्टननं सगळ्यांच्या मागून पाणी प्यायचं. संघ सुरू केला ज्ञानबा नावाच्या माणसानं. तोही आता नाही. त्या काळी मैदानावर एकच कळशी असायची आणि नळाला रोज पाणी नसायचं. ज्ञानबा एकेकाच्या ओंजळीत पाणी ओतायचा आणि उरलं तर स्वतः प्यायचा. पुढं विकतचे जार आले, तरी रीत राहिली. तिला मान आला. नव्या कॅप्टनच्या दंडाला पट्टी बांधली की त्याच दिवशी सगळ्यांचं पिऊन होईपर्यंत त्यानं भांडं हातात धरून उभं राहायचं. दुसऱ्या संघांनाही हे माहीत होतं. "तुमचा कॅप्टन हाय का पाणक्या बे?" असं ते चिडवायचे. आमच्या पोरांना त्या चिडवण्याचाही अभिमान वाटायचा, आणि खोटं कशाला बोलू, ओट्यावर बसून मलाही वाटायचा.

पण आमच्याकडचा उन्हाळा असल्या रीतीला जुमानत नाही. तो गेला त्याच्या आदल्या वर्षी, एप्रिलमध्ये, सराव चालू असताना संगमेश एकदम गुडघ्यांवर बसला. उलटी झाली. डोळे उघडे, पण समोर कोण आहे ते कळेना. पोरांनी रिक्षात घालून दवाखान्यात नेलं, सलाईन लावावं लागलं. डॉक्टरांनी बजावलं, की एकदा असं ऊन लागलेल्या माणसाला पुन्हा लागायला वेळ लागत नाही. भर उन्हात पळायचं नाही आणि तहान लागायच्या आधी पाणी प्यायचं. पुन्हा असं झालं तर जिवावर बेतेल, हे शब्द त्यांनी पोरांसमोर वापरले होते.

तो परत जाळ्या न्यायला आला तेव्हा मी विचारलं, "तब्येत कशी हाय?"

"ते काय न्हाय हो काका. झोप झाली नव्हती आदल्या रात्री."

त्या संध्याकाळी सगळे पाणी पीत होते आणि तो भांडं धरून शेवटी उभा होता.

गेल्या वर्षी मेच्या सुरुवातीला माझ्या दारात एक बाई येऊन उभी राहिली. "मी कॅप्टनच्या घरची, राजेश्वरी," म्हणाली. मी आत बोलावलं तर आली नाही. उंबऱ्याबाहेरूनच बोलली.

"काका, तुमी सांगा की त्यांना. आता स्पर्धा हाय, ती पण उन्हाळ्याची. आधी पाणी पीत जावा म्हणावं."

"माझं ऐकेल का तो?"

"माझं तर ऐकत न्हाईत. मला म्हणतात, तू घरात सगळ्यांच्या मागून जेवतीस, तुला कोण काय म्हणतं का? मी म्हटलं, मी काय उन्हात पळत पळत जेवते व्हय?"

हे सांगताना ती हसली. मग हसू थांबलं आणि तिनं पदरानं तोंड पुसलं. म्हणाली, "ते पडले तेव्हा मला ओळखलं नव्हतं. आरोहीला पण न्हाय." आणि निघून गेली.

दुसऱ्या दिवशी मी त्याला म्हणालो. असं कुणाला काही सांगायचं माझ्या जिवावर येतं, पण म्हणालो. "संगमेश, तू आधी पाणी पी. कॅप्टनच आडवा झाला तर बाकीच्यांनी काय करायचं?"

त्यानं जाळी खांद्यावर घेतली. "काका, मी आधी प्यालो तर पोरं काय बोलणार न्हाईत."

"मग झालं तर."

"बोलणार न्हाईत, तेच की. गप बसतील. ते लई वाईट असतंय." आणि मैदानाकडं गेला.

त्या स्पर्धेचा अंतिम सामना खरं तर ऊन उतरल्यावर ठेवला होता. प्रमुख पाहुण्यांना संध्याकाळी एका लग्नाला जायचं होतं, म्हणून संयोजकांनी तो भर दुपारी घेतला. कॅप्टननं नाही म्हणायला हवं होतं, असं आता बरेच जण म्हणतात. तसं तो म्हणालाही होता; मी तिथंच होतो. संयोजक म्हणाले, मग सोडा सामना, कप समोरच्या टेंभुर्णीवाल्यांना देऊन टाकतो. संगमेशनं वळून पोरांकडं पाहिलं. पोरं बूट बांधून तयार होती. तोही बूट बांधायला बसला.

त्या दिवशी आभाळ निळं नव्हतंच, पांढरं होतं. मैदानाच्या कडेच्या कडुनिंबावर कावळे चोची उघडून बसले होते, एकही ओरडत नव्हता. भटकी कुत्री गटारीत उतरून पडली होती. सामना सुरू झाला तेव्हा धूळ उडाली, ती खाली बसेना, तशीच तरंगत राहिली.

मध्यंतरात सगळे झाडाखाली आले. अंबादासनं जारमधून मग भरला आणि थेट संगमेशच्या हातात दिला.

"पी बे आधी. कोण बघत न्हाय."

"आख्खं सोलापूर बघलालंय बे," संगमेश म्हणाला आणि तो मग त्यानं अंबादासच्याच डोक्यावर ओतला. सगळे हसले. अंबादास शिव्या देत केस झटकत राहिला. मग एकेकानं पाणी प्यायलं. टेंभुर्णीची पोरं पलीकडं उभी राहून बघत होती. त्यांचं पाणी टेंपोत उन्हानं चहासारखं तापलं होतं. संगमेश म्हणाला, "त्यांना पण द्या की रे." त्यांनीही घेतलं. त्याच्यापर्यंत जार आला तेव्हा तो उलटा करावा लागला. घोटभर निघालं असेल. एक जण दुसरा जार आणायला पळाला, तर दुकानदार शटर ओढून जेवायला गेलेला. मी घरातून तांब्या भरून रेषेपर्यंत गेलो, तोवर शिट्टी झाली होती.

उत्तरार्धात आधी माझ्या नजरेत भरला तो संगमेशचा सदरा. बाकी सगळ्यांचे सदरे घामानं पाठीला चिकटले होते. त्याचा कोरडा होता, पळताना वाऱ्यावर हलत होता. माझ्या ते लक्षात आलं, अर्थ मात्र लागला नाही. मग कॉर्नरच्या वेळी तो गोलकडं तोंड करून ओरडला आणि ते कानडी होतं.

अंबादासनं दोन्ही हात पसरले. "काय बोललालास बे? मराठीत बोल की!"

बघणारे हसले. थोड्या वेळानं पृथ्वीराजचा फटका बारवरून गेला. संगमेश त्याच्याजवळ गेला, मानेवर हात ठेवला आणि म्हणाला, "पर्वालेदु रा." बार्शीकडच्या त्या मुलाला तेलुगूचा गंध नाही. त्याला वाटलं, कॅप्टन थट्टा करतोय. तोही हसला.

शेजारी एक संयोजक बसले होते, त्यांना मी म्हणालो, "त्या कॅप्टनला बाहेर काढा. त्याचं काहीतरी बिघडलंय." ते म्हणाले, "फायनल हाय काका. डोकं फिरणारच की." मी उठून रेषेवर गेलो आणि हाक मारली. माझा आवाज मुळात लहान, त्यात हलगी वाजत होती. दोनदा मारली. त्यानं एकदा माझ्याकडं पाहिलं आणि हात वर केला, बसा, असा.

पृथ्वीराजच्या गोलवर संघ जिंकला. पाहुणे तोवर निघून गेले होते, कप संयोजकांनीच दिला.

घरी जाताना, त्याच्याच गल्लीच्या तोंडाशी, संगमेश मोटारसायकल स्टँडवर न लावता तिच्यावरून उतरला. गाडी पडली आणि तिच्या शेजारी तो. दवाखान्यात बर्फ लावला, सगळं केलं. अंग तव्यासारखं तापलं होतं असं अंबादास सांगतो. राजेश्वरी हात धरून बसली होती, तिला त्यानं ओळखलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तो गेला.

आता अंबादास कॅप्टन आहे. त्यानं रीत बदलली. कॅप्टननं सगळ्यांदेखत आधी पाणी प्यायचं, आणि ज्यानं प्यायलं नाही त्यानं मैदानात उतरायचं नाही. पहिल्या दिवशी त्यानं पाण्याचा मग तोंडाला लावला तेव्हा पोरं गप होती. संगमेश म्हणाला होता तशीच गप. तरी तो प्याला. चांगला कॅप्टन कोण, हे ठरवायला मी कोण? संगमेश पाण्यामुळं चांगला कॅप्टन होता असं मला वाटत नाही. तो अंबादासपर्यंत चालत गेला त्यामुळं होता. पण पोरांना विचारलं तर ती पाण्याचंच सांगतात, आणि बहुतेक त्यालाही तसंच वाटत असावं. याची मला अजून भीती वाटते.

सामन्याच्या दिवशी घरी निघण्याआधी संगमेश माझ्याकडं आला होता. पोरं कप डोक्यावर घेऊन नाचत होती आणि यानं एकट्यानं जाळ्या सोडून आणल्या. कोपऱ्यात ठेवताना त्यानं एक हात भिंतीला टेकवला आणि जरा वेळ तसाच राहिला. मी तांब्या पुढं केला.

"पोरं प्याली का?" त्यानं विचारलं.

"सगळी प्याली. आता तू पी."

तो प्याला, पण फार नाही. मी म्हणालो, जरा टेक इथं. म्हणाला, घरी वाट बघत असतील. उंबऱ्यात थांबून त्यानं वर बंद पंख्याकडं पाहिलं. आमच्याकडं दुपारपासून वीज नव्हती.

"लाईट आली का हो काका?"

"आत्ताच आली."

"मग पंखा लावा की. लई गरम होतंय तुमच्या घरात."

"लावतो," मी म्हणालो.